अवघड क्षेत्रात निघालेल्या मराठी शिक्षकांना खुले पत्र

ओंटारिओतल्या आणि कॅनडातल्या इतर मराठी शिक्षक मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

दर वसंतात आपल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. ‘नुनावुतमध्ये शिक्षक हवेत. पगार भरघोस, उत्तरेचा भत्ता वेगळा, राहायला घर. दोन वर्षं कशीबशी काढा, डाउन पेमेंट सुटतं.’ खाली अंगठ्यांची रांग लागते. यंदा तिघांनी मला फोन केला, कारण मी तिथे तीन शालेय वर्षं काढून आलेय, ऑगस्ट २०१६ ते जून २०१९. प्रत्येकाला तासभर तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

आधीच सांगते, पैशासाठी निघालात म्हणून मी नाक मुरडणार नाही. सप्लाय टीचर म्हणून, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या जागी त्या दिवसापुरतं बोलावणं यायची वाट बघत, सकाळी सहाला फोन उशाशी घेऊन बसणं काय असतं, ते मी चार वर्षं भोगलंय. मीही पैशासाठीच गेले होते.

जागेची थोडी कल्पना देते. नुनावुत हा कॅनडाच्या अगदी उत्तरेचा प्रदेश. १ एप्रिल १९९९ ला तो वायव्य प्रदेशातून वेगळा झाला. नावाचा अर्थ ‘आपली भूमी’. क्षेत्रफळ वीस लाख चौरस किलोमीटरच्या घरात, म्हणजे महाराष्ट्राच्या सहापटीहून जास्त. माणसं २०२१ च्या जनगणनेत ३६,८५८, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव. ती पंचवीस वस्त्यांत विखुरलेली, आणि एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीला जाणारा रस्ता नाही. विमानाने जायचं. जड सामान उन्हाळ्यात बर्फ फुटल्यावर जहाजाने येतं, फक्त त्याच मोसमात. फेब्रुवारी २०१७ च्या अखेरीस कुगारुकची शाळा जळाली, तेव्हा नव्या इमारतीचं सामानसुद्धा जहाजाच्या मोसमाची वाट बघत होतं. दर दहा माणसांत आठांहून जास्त इनुइट, म्हणजे तिथले मूळ रहिवासी; एकटा असला की त्याला इनुक म्हणायचं. शाळा सरकारी, फुकट, सगळ्यांसाठी. कागदावर सगळं चोख आहे.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. दुसरीचा वर्ग, सतरा मुलं. एकाला विचारलं, ‘पेन्सिल आणलीस का?’ तो माझ्याकडे बघत राहिला. पुन्हा विचारलं. पुन्हा नुसताच बघतोय, भुवया तेवढ्या जराशा वर. तिसऱ्यांदा मी आवाज चढवला, तेव्हा त्याच्या शेजारची मुलगी वैतागून म्हणाली, ‘अहो, तो हो म्हणालाय.’ तिथे भुवया उंचावल्या की हो. नाक आक्रसलं की नाही. त्या पोराने मला तीनदा नीट उत्तर दिलं होतं, आणि मी मनातल्या मनात शेरा मारून मोकळी झाले होते: प्रतिसाद देत नाही. तो कागदावरही उतरला असता. पुढे जुन्या फायली चाळताना असे शेरे मी ढिगाने पाहिले. लिहिणारी माणसं केव्हाच दक्षिणेला, म्हणजे बाकीच्या कॅनडात, निघून गेलेली.

सप्टेंबरात मी त्याहून शहाणपणाचं काम केलं. मिसिसागात सप्टेंबर आला की वर्गात मेपलची लाल-पिवळी पानं कातरून भिंतीवर लावतात, तशी मी लावायला घेतली. मुलं हाताने फार कुशल, सुंदर कातरली त्यांनी. तिथून जवळात जवळचं मेपल गाठायचं तर विमानाने कित्येक तास जावं लागतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. शेजारच्या वर्गातल्या इनुक बाई दारात उभ्या राहून भिंतीकडे बघत होत्या. बोलल्या काही नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, ‘हवा बरी आहे, पोरांना बाहेर नेऊ.’ शाळेमागच्या टेकाडावर गेलो तर सगळी जमीन पेटल्यासारखी लाल. घोट्याएवढी झुडपं, त्यांची नखाएवढी पानं, मधेमधे काळी पौर्न्गाइत, म्हणजे तिथली छोटी बेरी. मुलं गुडघ्यांवर बसून ती वेचून खात होती आणि तोंडं निळीजांभळी करून घेत होती. बाईंनी एक काटकी दाखवली. ती विलोची. झाडच, पण वारा आणि थंडीमुळे वर न वाढता जमिनीला धरून आडवं पसरणारं. ‘आमचं पण झाड आहे,’ त्या म्हणाल्या, ‘वाकून बघावं लागतं.’

या बाईंबद्दल जरा जास्त सांगते, कारण हे पत्र खरं तर त्यांच्यामुळेच लिहितेय. पंधरा वर्षं त्या त्याच शाळेत इनुक्तितुत, म्हणजे इनुइटांची भाषा, शिकवत होत्या. त्या काळात मुख्याध्यापक किती आले-गेले, ते त्या बोटांवर मोजायच्या आणि मधेच सोडून द्यायच्या. माझ्या तीन वर्षांत तीन झाले. बाईंकडे शिक्षकाचं प्रमाणपत्र नव्हतं, म्हणून हुद्दा भाषातज्ज्ञाचा आणि पगार माझ्याहून कमी. मी बाहेरून आलेली, म्हणून मला दोन खोल्यांचं कर्मचारी घर. त्या गावातल्याच, म्हणून आई, मुलं आणि नातवंडं मिळून नऊ जण तीन खोल्यांत. सुट्टीत मी दक्षिणेला आले की माझं घर रिकामं आणि ऊबदार. हे मला तेव्हा विचित्र वाटलं नव्हतं, हे आता विचित्र वाटतं.

इनुक्तितुतची लिपी मी आठ दिवसांत वाचायला शिकले आणि त्याचा मला फार गर्व झाला. तुम्हालाही जमेल, कारण तिची घडण बाराखडीसारखी आहे. एकेक चिन्ह म्हणजे एकेक अक्षर. स्वर तीनच, इ, उ आणि अ. ‘पि’चं चिन्ह फिरवलं की ‘पु’, आणखी फिरवलं की ‘प’. डोक्यावर टिंब दिलं की दीर्घ. आपण जिथे पाय मोडतो, तिथे ते वर चिमुकलं अक्षर काढतात. आणि साम्य निव्वळ योगायोगाचं नाही. १८४० मध्ये जेम्स इव्हान्स नावाच्या मिशनऱ्याने कॅनडातल्याच क्री या आदिवासी लोकांसाठी जी लिपी केली, तिचीच पुढे इनुक्तितुतसाठी घडी बसवली. इव्हान्ससमोर पिटमनच्या लघुलिपीबरोबर देवनागरीचाही नमुना असावा, असं लिपीचे अभ्यासक मानतात. मी हे बाईंना सांगितलं तर त्या खूप हसल्या. मग माझ्यापुढे एक पुस्तक ठेवलं. मी घडाघडा पान वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘छान. आता सांगा, काय वाचलंत?’

एक अक्षर कळलं नव्हतं.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, जिल्हा परिषदेत शिक्षक होते. आज बदल्यांच्या कागदांत ‘अवघड क्षेत्र’ म्हणतात. त्या काळी त्याला सरळ शिक्षेची बदली म्हणायचे. तशी अण्णांची बदली अक्राणीला झाली होती, सातपुड्यात, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात. मुलं पावरी बोलणारी, पुस्तकं मराठी. अण्णा मन लावून शिकवायचे, कधी शाळा बुडवली नाही, पावसाळ्यात नाला छातीपर्यंत असताना कपडे डोक्यावर घेऊन पलीकडे गेलेत. घरी आले की अभिमानाने सांगायचे, ‘तीन वर्षांत एकूणएक पोर शुद्ध मराठी बोलायला लागलं.’ आम्हालाही कौतुक वाटायचं. त्या वाक्यात आणखी काय आहे, ते कळायला मला आर्क्टिकला जावं लागलं. एकदा तिथून फोनवर मी त्यांना विचारलं, अण्णा, पावरीत पाण्याला काय म्हणतात? थोडा वेळ फोनवर नुसती खरखर ऐकू आली. मग म्हणाले, ‘तुझ्या आईशी बोल.’

म्हणून सांगते, आपण तिथे गोऱ्यांसारखे नाही, आपल्या देशावरही इंग्रजांनी राज्य केलंय, आपल्याला त्यांचं दुःख चटकन कळतं, हा समज विमानातच सोडा. मीही तो बरोबर घेऊन गेले होते. पण फळ्यासमोर इंग्रजी बोलणारी बाई कुठल्या रंगाची आहे, याने सात वर्षांच्या मुलाला काय फरक पडतो? आणि घरी तरी आपलं काय चाललंय? गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये मुलांसाठी गोंडी माध्यमाची शाळा काढली, तर शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवली. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळावा म्हणून आपण वर्षानुवर्षं झगडलो, पण मोहगावसाठी आपल्या ग्रुपवर एक ओळ आलेली मला आठवत नाही.

तिथल्या शाळेवर लोकांचा राग का, याचं उत्तर फार मागे जाऊन शोधावं लागत नाही. १९५० च्या दशकात सरकारने वस्त्यांमध्ये शाळा बांधल्या आणि शिकारीमागे फिरणारी कुटुंबं मुलांपायी एका जागी बसली. कित्येक मुलांना घरापासून दूर वसतिगृहांत नेलं. चेस्टरफील्ड इनलेटचं टर्केटिल हॉल १९५५ ते १९६९ चाललं. तिथे काय झालं, ते तिथली मुलं मोठी होऊन स्वतः सांगू लागली, तेव्हा जगाला कळलं. सबंध कॅनडात दीड लाखाहून जास्त आदिवासी मुलं अशा निवासी शाळांतून गेली, आणि २००८ मध्ये पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. रँकिन इनलेटचं किवालिक हॉल हे वसतिगृह बंद झालं १९९७ मध्ये. मी तेव्हा दहावीत होते. त्याही आधी, १९४० च्या दशकापासून, नावं उच्चारता येत नाहीत म्हणून सरकारने प्रत्येक इनुइट माणसाला नंबर दिला होता, गळ्यात घालायच्या बिल्ल्यावर कोरलेला. आडनावं द्यायची मोहीम १९६८ मध्ये निघाली. तोवर सरकारी कागदांत माणूस म्हणजे तो नंबर.

आणि नावाचं तिथे काय महत्त्व आहे, ते बघा. गेलेल्या माणसाचं नाव जन्मलेल्या मुलाला देतात, आणि नावाबरोबर नातंही येतं. माझ्या वर्गातल्या एका मुलाला त्याची सत्तरीची आजी ‘अताता’ म्हणायची, म्हणजे बाबा, कारण त्याला तिच्या वडिलांचं नाव होतं. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवलं की सून त्या नावाने हाक मारायला कचरते, तेच, पण कितीतरी खोल. ही आजी पालकसभेला यायची. शाळेच्या पोर्चमध्ये यायची, बूट काढायची नाही, आत पाऊल टाकायची नाही. नातवाची वही मी तिथेच बाहेर नेऊन दाखवायचे. का येत नाही, असं मी एकदाही विचारलं नाही. तीन वर्षांत मी जे मोजके शहाणपणाचे निर्णय घेतले, त्यातला तो एक.

आता कायद्याचं. याकडे लक्ष द्या, कारण तुमची नोकरी याच भानगडीतून निघते. नुनावुतच्या विधानसभेने २००८ मध्ये इनुइट भाषा संरक्षण कायदा केला. पालकांना मुलांचं शिक्षण इनुइट भाषेत मागण्याचा हक्क मिळाला, आधी तिसरीपर्यंत, आणि १ जुलै २०१९ पासून सगळ्या इयत्तांना. त्याआधी २००६ मध्येच थॉमस बर्जर या माजी न्यायाधीशांनी अहवालात लिहून ठेवलं होतं की दर चार इनुइट मुलांमागे जेमतेम एक बारावीपर्यंत पोचतं, आणि त्याचं मूळ दोन्ही भाषा अर्धवट ठेवणाऱ्या शाळेत आहे. मुलं तिसरी-चौथीपर्यंत थोडं आपल्या भाषेत शिकतात आणि मग एकदम इंग्रजीत ढकलली जातात. वरच्या वर्गांना वर्षानुवर्षं अल्बर्टा प्रांताचा अभ्यासक्रम. गव्हाच्या आणि तेलाच्या प्रांताचा. २०१३ मध्ये महालेखापरीक्षकांनी बजावलं की पुरेसे द्विभाषिक शिक्षक नाहीत, ठरलेली मुदत गाठणं होणार नाही.

ती गाठली गेलीच नाही. मी जून २०१९ मध्ये परत आले. पंधरवड्याने १ जुलै उजाडला आणि गेला. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘बिल २५’ ही कायद्यातली दुरुस्ती मंजूर झाली आणि बारावीपर्यंतची मुदत ढकलली गेली थेट २०३९ वर. माझ्या वर्गात २०१९ ला सात वर्षांचं असलेलं मूल तेव्हा सत्तावीस वर्षांचं असेल. इनुइटांच्या वतीने सरकारशी झालेला जमिनीचा करार सांभाळणारी नुनावुत टुंगाविक ही संस्था २०२१ मध्ये याविरुद्ध कोर्टात गेली. राजधानी इकालुइतमध्ये मूठभर फ्रेंच भाषकांच्या मुलांसाठी फ्रेंच शाळा आहे, आणि असावीच. प्रश्न एवढाच, की बहुसंख्यांच्या भाषेला मात्र ‘माणसं नाहीत’ हे उत्तर का? समुद्रापलीकडे ग्रीनलंडमध्ये तिथल्या इनुइटांची भाषा २००९ पासून एकमेव अधिकृत भाषा आहे आणि शाळा तिच्यात चालतात.

माणसं का नाहीत? इनुक शिक्षक व्हायचं तर आधी बारावी व्हायला हवी. बारावी होते इंग्रजीत. ज्याची होते, त्याला सरकारी कचेरीत शाळेपेक्षा निवांत नोकरी मिळते. उरलेले नुनावुत आर्क्टिक कॉलेजच्या शिक्षक-प्रशिक्षणाला जातात. त्यासाठी बहुधा गाव सोडावं लागतं, लेकरंबाळं घेऊन घर शोधावं लागतं, आणि घरांचीच तर तिथे टंचाई. मग वर्ग रिकामे राहतात, मग दक्षिणेत जाहिरात निघते, मग ती आपल्या ग्रुपवर येते. तुम्ही त्या रिकाम्या जागेवर जाता. तुम्ही गेलात की जागा भरली, असं खातं म्हणतं.

मग जाऊच नये का? एकाने फोनवर असंच चिडून विचारलं. जा. शिक्षकाविना वर्षाची सुरुवात होणारे वर्ग तिथे आहेत, आणि मुलाला उद्या बाई येणार की नाही हे माहीत नसणं फार वाईट. पण मुलाखतीत घराचं भाडं आणि विमानाची तिकिटं विचारून झाली की एवढं नक्की विचारा: माझ्या शेजारच्या वर्गात इनुक शिक्षक आहे का, आणि आठवड्याला किती तास आम्ही एकत्र शिकवणार? बहुतेक पलीकडून गडबडलेलं उत्तर येईल. तरी विचारा. दहा जणांनी विचारलं की अकराव्याला उत्तर तयार मिळेल.

दुसऱ्या वर्षी बाई आणि मी आमचे दोन वर्ग सकाळचा एक तास एकत्र करू लागलो. वेळापत्रकात ते बसत नव्हतं, बसवलं. त्या तासाला शिक्षिका त्या आणि मदतनीस मी. पसारा आवरायचा, रडणाऱ्याला बाहेर न्यायचं, पेन्सिलींना टोक करायचं, आणि मुलांबरोबर जमिनीवर बसून गणित इनुक्तितुतमधून ऐकायचं. पहिला महिना मी अवघडून गेले, कारण वर्गातला सगळ्यात ढ विद्यार्थी मीच होते. पण जी मुलं माझ्या तासाला खिडकीबाहेर बघायची, ती तिथे एकमेकांना कोपरं मारून आधी उत्तर द्यायला बघत होती. भुवया तर सारख्याच वर. इंग्रजीत ‘प्रतिसाद देत नाही’ म्हणून ज्याची नोंद होणार होती, तो वजाबाकीत पहिला निघाला. संध्याकाळी मी बाईंना कॉलेजच्या अर्जाचा निबंध लिहायला मदत करायचे. त्या प्रशिक्षणाला लागल्या. हे माझं श्रेय नव्हे. पंधरा वर्षांत त्यांच्याशेजारी येऊन गेलेल्यांपैकी कुणालाच हे का सुचलं नाही, याची मला लाज वाटते. पहिलं अख्खं वर्ष मलाही सुचलं नव्हतं.

आणि दोन वर्षांचा हिशेब करून जाऊ नका. पहिलं वर्ष तुमचं शिकण्यात जातं, त्याचा भुर्दंड मुलं भरतात. दुसऱ्या वर्षी तुम्ही जरा उपयोगी पडू लागता आणि वसंतात राजीनामा टाकता. मुलांना हे चक्र तोंडपाठ असतं. ऑगस्टात ती नव्या शिक्षकाला जीव लावत नाहीत, छळतात. नवे शिक्षक म्हणतात, शिस्त नाही. माझ्या वर्गात एकाने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, ‘तू ख्रिसमसला जाणार की जूनला?’

मीसुद्धा तीनच वर्षं राहिले, तेव्हा मी काही मोठी टिकलेली नव्हे. अण्णांना अर्धांगाचा झटका आला, भारतात ये-जा सुरू झाली, आणि मार्चमध्ये मी राजीनाम्याची मेल टाकली. वर्गात सांगायचं धाडस झालं नाही. शाळेच्या शेवटच्या दिवशी पेन्सिलवाला मुलगा, आता उंच झालेला, पोर्चमध्ये बूट चढवत होता. त्याने विचारलं, ‘ऑगस्टात येशील ना?’ मी म्हणाले, ‘हो.’

त्याने माझ्याकडे बघून नाक आक्रसलं, आणि बाहेर पळाला.

तुम्ही निदान खरं सांगा.

बाकी बूट कुठले घ्यायचे, हळद-मसाले आणि डाळी किती न्यायच्या, जहाजाने सामान कसं मागवायचं, हे विचारायला बिनधास्त फोन करा. बुटांवर पैसे वाचवू नका. कुकर मात्र नक्की न्या, तिथे मिळत नाही, आणि शेजारच्या बाईंना वरणभात फार आवडतो.

आपली,
बॅफिन बेटावर तीन वर्षं शिकवून आलेली एक बाई